दुकानाला डिझाइन, विद्यार्थ्याला काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात उपयोजित कला आणि डिझाइन शिकणाऱ्या, शेवटच्या दोन वर्षांतल्या मुलामुलींना गावातल्या लहान व्यावसायिकांची खरीखुरी कामं मिळावीत म्हणून आम्ही काही शिक्षक आणि छपाईच्या धंद्यातली मंडळी हा उपक्रम चालवतो. दुकानदार, विद्यार्थी आणि पालक साधारण तेच तेच विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. घोळ तिथेच होतो.

दुकानदार आणि उद्योजकांसाठी

तुम्ही नेमकं काय करता?

एक दुकान, एक विद्यार्थी (कधी दोघांची जोडी), ठरलेलं एक काम आणि सहा आठवडे. चटणीच्या पाकिटाचं लेबल, खानावळीचं मेनुकार्ड, दुकानाचा बोर्ड, चपलेच्या जोडाला बांधायचा टॅग, व्हॉट्सॲपवर पाठवायचं दरपत्रक, असं काहीतरी. प्रत्येक कामावर एका शिक्षकाचं लक्ष असतं. एक अट मात्र कडक आहे: काम छापून दुकानात लागल्याशिवाय ते पूर्ण झालं असं आम्ही धरत नाही. पडद्यावर छान दिसणाऱ्या गोष्टी मुलं वर्गात करतच असतात. पाकिटाला तेलाचा हात लागल्यावर अक्षर वाचता येतं का, हे कॉलेजात कळायची सोय नाही.

माझा धंदा फारच लहान आहे. चालेल का?

लहान असेल तर उत्तमच. घरी मसाला कांडून विकणाऱ्या ताई, चप्पल लाईनीतले कारागीर, गुऱ्हाळवाले, हुपरीचे चांदी कारागीर, सायकल दुरुस्तीवाले, सगळे चालतात. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) नसली तरी आमची हरकत नाही, पण ती ऑनलाइन आणि मोफत होते, तेव्हा करून टाका. कोणी तिचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

आधीपासून जाहिरात एजन्सी असलेले मोठे व्यवसाय आम्ही घेत नाही. वाढदिवसाचे फ्लेक्सही घेत नाही, वाढदिवस कोणाचाही असो.

विद्यार्थी आहे म्हणजे फुकटच करून देईल ना?

नाही. लेबल किंवा टॅगसारख्या एका कामाला किमान ३,००० रुपये, बोर्ड आणि त्यासोबतची किरकोळ छपाईची डिझाइनं असतील तर ५,००० रुपयांपासून पुढे. निम्मे सुरुवातीला, निम्मे अंतिम फाइल देताना. छपाईचा खर्च वेगळा आणि तो तुम्ही थेट छापखान्याला द्यायचा. विद्यार्थ्याच्या हातातून छपाईचे पैसे फिरवायचे नाहीत.

ही रक्कम बाजारभावापेक्षा कमी आहे आणि ती मुद्दामच तशी ठेवली आहे, कारण शिकणाऱ्याकडून काम करून घेताना तुमचाही वेळ जातो. पण शून्य ठेवणार नाही. फुकट मिळालेली फाइल बहुतेक दुकानांत कोणी उघडूनही बघत नाही, हे छपाईवाली मंडळी आम्हाला पहिल्यापासून सांगत आली आहेत. पैसे दिले की मालक प्रश्न विचारतो, मागे लागतो, चुका दाखवतो. विद्यार्थ्याला शिकायला मिळतं ते त्यातूनच.

मला लोगो करून हवा आहे.

दहातले आठ अर्ज या वाक्यानं सुरू होतात, असं म्हटलं तरी चालेल. लोगो करू, पण आधी थोडं बोलू.

गावातल्या लहान धंद्याला लोक चिन्हानं ओळखत नाहीत, माणसानं आणि जागेनं ओळखतात. ‘अमक्या मावशींची चटणी’, ‘देवळामागचा तो भेळवाला’. तुमचं गिऱ्हाईक खरं कुठे अडतं ते शोधायला हवं. एकसारख्या दिसणाऱ्या पाकिटांत तिखट कुठलं आणि मध्यम कुठलं, हे त्याला कळत नसेल तर लोगोनं काही फरक पडणार नाही. दोन रंगांच्या पट्ट्यांनी पडेल. खानावळीत प्रत्येक जण ‘थाळीत काय काय येतं?’ असं विचारत असेल आणि वाढप्याचा जीव ते सांगण्यात जात असेल, तर भिंतीवर नीट लिहिलेला फलक हवा. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं फोनवर ऑर्डर देत असतील तर वजन, दर आणि कुरिअरचा खर्च एका चित्रात दिसेल असं दरपत्रक हवं.

म्हणून पहिल्या भेटीत आम्ही तुम्हाला काय हवं ते विचारत नाही. गिऱ्हाईक काय विचारतं, ते विचारतो. त्यानंतरही लोगोच हवा असेल तर तो करू, फक्त तो एकटा नसेल. निदान एका खऱ्या वस्तूवर छापलेला असेल.

मसाला, चटणी, लोणच्याच्या पाकिटावर काय काय लिहावं लागतं?

हे विद्यार्थ्यांनीही नीट वाचावं.

पदार्थाचं नाव, घटकांची यादी (जास्त प्रमाणातला घटक आधी), पोषणमूल्यांची माहिती (लागू असेल तर), निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, एफएसएसएआयचं (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) चिन्ह आणि १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि संपण्याची तारीख, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल. शेंगदाणे, दूध असं ॲलर्जीचं काही असेल तर त्याची सूचना. शाकाहारी पदार्थावर हिरव्या चौकटीत भरीव हिरवा गोल. वजनाचा आकडा आणि शाकाहारी खूण किती मोठी हवी, हेही नियमात ठरलेलं आहे. ‘छान दिसत नाही’ म्हणून ती बारीक करता येत नाही.

सगळ्यांना चकवणारी गोष्ट म्हणजे भाषा. ही बंधनकारक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी लागते. मराठी त्याच्या जोडीला हवी तेवढी टाका, पण सगळं लेबल फक्त मराठीत केलं तर ते नियमात बसत नाही. मुलं हौसेनं संपूर्ण मराठी लेबल करतात, सुंदर करतात आणि मग मागची बाजू पुन्हा मांडावी लागते. आमचा सल्ला असा: पुढची बाजू मराठीला देऊन टाका, मागे कायद्याचा मजकूर इंग्रजीत.

आम्ही कायदेतज्ज्ञ नाही. छापण्याआधी एफएसएसएआयची नोंदणी करून देणाऱ्या माणसाला लेबलाचा नमुना दाखवाच.

आणि दुकानाचा बोर्ड? तो मराठीतच हवा का?

हो. २०१७च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतली मराठी पाटी बंधनकारक आहे. दुसरी भाषा वापरता येते, पण मराठी आधी हवी आणि तिची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या दुकानांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा हा विषय बराच गाजला होता.

डिझाइनच्या दृष्टीनं मात्र कायदा पाळणं ही फक्त सुरुवात आहे. वर्गात शिकवलेली बरीचशी मांडणी रोमन अक्षरांच्या हिशेबानं असते. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. पट्टीची उंची तीच ठेवून इंग्रजीच्या जागी मराठी टाकलं की वरचे रफार कापले जातात नाहीतर अक्षरं चेपतात. म्हणून आमचे विद्यार्थी बोर्डाचा नमुना खऱ्या आकारात कागदावर काढून समोरच्या फूटपाथवरून, चालत्या दुचाकीवरून आणि दिवे लागल्यावर वाचून बघतात. बाबूराव पेंटरांनी आपल्या मूकपटांची पोस्टरं जिथे रंगवली त्या गावात अक्षराची एवढी तरी आब राखायला हवी.

अक्षराच्या फाँटचा परवानाही बघावा लागतो. मुंबईच्या एक टाइप या गटानं केलेले मुक्ता, बलू, मोडक असे फाँट मुक्त परवान्यावर आहेत, धंद्यासाठी वापरले तरी पैसे पडत नाहीत. कुठून तरी पेनड्राइव्हवर आलेला फाँट बोर्डावर नको.

आमचा फ्लेक्सवाला दोन तासांत करून देतो. मग सहा आठवडे कशाला?

उद्या सकाळी बोर्ड हवा असेल तर फ्लेक्सवाल्याकडेच जा, आमच्याकडे येऊ नका. आम्ही स्वतः विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे बसवतो. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये हात कसा चालवायचा, कुठला लाल छापल्यावर भगवा दिसतो, खिळे कुठे येणार, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

सहा आठवडे जातात ते असे: पहिला आठवडा दुकानात बसण्यात, दुसरा-तिसरा कच्च्या आराखड्यांत, चौथा नमुना छापून प्रत्यक्ष वापरून बघण्यात, पाचवा दुरुस्तीत, सहावा छापखान्यात. चौथा आठवडा सोडला तर बाकीचं थोडं मागेपुढे चालतं.

काम आवडलं नाही तर?

कच्च्या आराखड्यावर एकदा आणि नमुन्यावर एकदा, असे बदल दोनदा सांगता येतात. त्यापुढे शिक्षक मध्ये पडतात. ‘जरा उठून दिसू दे’, ‘थोडं भरलेलं वाटत नाही’ असं सांगितलंत तरी चालेल, उलगडा करून घेणं हे विद्यार्थ्याचं काम आहे. फक्त निर्णय एका माणसानं द्यायचा. सकाळी मालक, दुपारी मालकीणबाई आणि रात्री पुण्याच्या आयटीतला भाचा, असे तीन निकाल लागले तर कुठलंही डिझाइन टिकत नाही. भाच्याला पहिल्याच बैठकीत बोलवा, बिनधास्त.

डिझाइन कोणाच्या मालकीचं?

१९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कलाकृती ज्यानं केली तो साधारणपणे तिचा पहिला मालक असतो. नोकरीत असताना, नोकरीचा भाग म्हणून केली तर मालक नोकरी देणारा. विद्यार्थी तुमचा नोकर नाही. म्हणजे पैसे दिले की हक्क आपोआप तुमच्याकडे आले असं गृहीत धरू नका. हक्क सोपवायचा तर ते लेखी आणि सहीनिशी हवं. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच.

म्हणून आम्ही एक पानी मराठी करारनामा सुरुवातीलाच देतो. शेवटचा हप्ता मिळाला की अंतिम डिझाइनचे सगळे हक्क कायमचे, सगळीकडे तुमचे. नाकारलेले आराखडे विद्यार्थ्याचे. काम आपल्या पोर्टफोलिओत दाखवायची मुभा विद्यार्थ्याला राहते. मूळ, बदल करता येणारी फाइल तुम्हाला मिळते. ती ईमेलमध्ये जपून ठेवा, दुकानातल्या संगणकावर नको.

नाव किंवा चिन्हाची ट्रेडमार्क नोंदणी ही वेगळी गोष्ट आहे. व्यक्ती आणि लघुउद्योगांना ऑनलाइन अर्जाचं शुल्क मालाच्या प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षं टिकते. मसाले ३०व्या वर्गात येतात, पादत्राणं २५व्या.

विद्यार्थ्यांसाठी

पहिल्या दिवशी दुकानात जाऊन काय करायचं?

बसायचं. लॅपटॉप घरी ठेवा, वही न्या. गर्दीच्या वेळी दोन तास आणि रिकाम्या वेळी एक तास. गिऱ्हाईक आत आल्यावर आधी कुठे बघतं, काय हातात घेतं, काय विचारतं, न घेता गेलं तर कशामुळे गेलं, ते जसंच्या तसं त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. मालक कुठलं वाक्य पुन्हा पुन्हा बोलतो? ते वाक्य बहुधा पाकिटावर असायला हवं होतं.

मग धंद्याची भाषा शिका. चपलेचं काम असेल तर कापशी, पुकारी, बक्कलनाली, कचकडी या चपलांच्या प्रकारांतला फरक कारागिराकडून हातात घेऊन समजून घ्या. कातडं कुठून येतं, वादी कशी वळतात, एक जोड व्हायला किती हात लागतात, हे विचारा. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला कोल्हापूरचा उल्लेखही केला नाही, तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याला टॅगवर मोठ्ठ्या अक्षरांत भौगोलिक मानांकन (जीआय) लिहायचं असतं. थांबा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. त्याचं अधिकृत चिन्ह अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी झालेल्या उत्पादकानंच लावायचं. तुमच्या कारागिराची नोंदणी आहे का, ते आधी विचारा. नसेल तर ती कशी करायची हे शोधून देणं टॅगपेक्षाही मोलाचं काम ठरेल.

आणखी एक विनंती. कोल्हापूर म्हटलं की पैलवान, मिशा, फेटा आणि ‘नाद खुळा’. हे चार सोडून पाचवं काहीतरी आणा.

मालकांशी बोलताना दडपण येतं.

साहजिक आहे. मामा, मावशी, काका म्हणा, चहा नाकारू नका. पण मानधन, तारीख आणि बदल यांचं बोलणं झालं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: ‘आज आपलं असं असं ठरलं.’ त्यात उद्धटपणा नाही. आराखडे दाखवताना तीनच दाखवा, कागदावर छापून, खऱ्या आकारात, खऱ्या बरणीवर चिकटवून. आणि ‘मिनिमल’ हा शब्द वापरू नका. मालकाला तो ‘कमी काम केलं’ असाच ऐकू येतो. बऱ्याचदा त्याचं खरंही असतं.

छापखान्यात काय विचारायचं?

सगळं. पण निदान हे:

कमीत कमी किती नग छापणार? छापील पाऊच ग्रॅव्ह्युअरवर करायचे तर प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर बनतो, त्यामुळे थोड्या मालाला तो खर्च परवडत नाही. महिन्याला थोडीच पाकिटं विकणाऱ्या ताईंना साधा पाऊच आणि त्यावर डिजिटल छपाईचं स्टिकर हेच योग्य. कागदी स्टिकर तेल शोषतं, चटणीला प्लास्टिकचं घ्या. पारदर्शक पाऊचवर रंगाखाली पांढऱ्याचा थर मागा, नाहीतर आतल्या चटणीचा लाल तुमच्या पिवळ्यात मिसळतो. खाकी कागदावर लाल अक्षर मरतं. कापताना कड पांढरी राहू नये म्हणून डिझाइन कडेला ३ मिलिमीटर जास्त सोडा.

आणि मजकूर. बऱ्याच छापखान्यांत अजून श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधलं काम चालतं. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नुसता चिकटवला की गिचमिड होते, उलटही तेच. अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे नुसत्या आकारांत) बदलून द्या, पण त्याआधी मुद्रितशोधन करा, कारण नंतर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही. ‘दऱ्या’, ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा र आणि मराठी वळणाचे ल, श तुमच्या फाँटमध्ये नीट येतात का, तेही तेव्हाच बघा. छापखान्यातून घरी परतायचं ते पहिला नग स्वतः बघून.

एआय वापरलं तर चालेल का?

कल्पना शोधायला, मांडणीचे पर्याय बघायला वापरा आणि वापरलं हे मालकाला व शिक्षकाला सांगा. अंतिम चित्रासाठी नको. मशीननं काढलेली मिरची संकेश्वरीही नसते आणि ब्याडगीही नसते, आणि मसाला घेणाऱ्या बायकांना तो फरक लांबून कळतो. शिवाय पाकिटावरचं चित्र आतल्या मालाशी जुळायला हवं.

याचे क्रेडिट मिळतात का?

तुमच्या कॉलेजवर अवलंबून आहे. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांच्या अध्ययनाला एक क्रेडिट असा हिशेब आहे. आम्ही तासांची नोंदवही आणि शिक्षकाच्या सहीचं पत्र देतो. ते ओजेटी (कामावरचं प्रशिक्षण) किंवा फील्ड प्रोजेक्टमध्ये धरायचं का, हे विभागप्रमुख ठरवतात, तेव्हा त्यांना काम सुरू व्हायच्या आधी भेटा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेबद्दलही बरेच जण विचारतात. शिक्षण चालू असलेल्यांना ती लागू नाही.

पोर्टफोलिओत एवढंसं काम कसं दिसणार?

लेबलाचा एक फोटो टाकलात तर एवढंसंच दिसेल. जुनं पाकीट, दुकानातल्या नोंदी, फेटाळलेले आराखडे, छापखान्यात काय बिघडलं आणि ते कसं निस्तरलं, असं सगळं टाका. मुलाखत घेणाऱ्यांकडे काल्पनिक कॉफी ब्रँडचे पोर्टफोलिओ ढिगानं येतात.

उरलेले पैसे मिळाले नाहीत तर?

तुम्ही मागे लागू नका, आम्हाला कळवा. अंतिम फाइल दुसऱ्या हप्त्याशिवाय द्यायची नाही, हा नियम त्यासाठीच आहे.

पालक विचारतात

मुलीला एकटीला दुकानात, गोदामात जावं लागेल का?

नाही. भेटी दिवसाउजेडी, दुकान उघडं असतानाच. घरगुती उद्योग किंवा गुऱ्हाळासारखी आडबाजूची जागा असेल तर जोडीनं, आणि पहिल्या भेटीला शिक्षक सोबत असतात. मुलांनाही हाच नियम आहे.

अर्ज

अर्ज कधी करायचा?

दिवाळीला नवं पाकीट हवं असेल तर श्रावणाच्या आधी. नवरात्रात आम्ही नवीन काम सुरू करत नाही. तेव्हा महाद्वार रोडवरच्या कुठल्याही दुकानदाराला आमच्याशी बोलायला उसंत नसते. कॉलेजच्या परीक्षांच्या काळातही काम बंद असतं. गडहिंग्लज, इचलकरंजी, हुपरीकडच्यांनी जरूर अर्ज करावा, प्रवासखर्च मात्र मानधनाशिवाय वेगळा धरावा लागेल.

अर्जात काय लिहू?

काय विकता, कोण घेतं, गिऱ्हाईक सगळ्यात जास्त कुठला प्रश्न विचारतं, एवढं चार ओळींत. सोबत सध्याच्या पाकिटाचे किंवा बोर्डाचे आणि दुकानाच्या आतले मोबाइलवर काढलेले फोटो. फोटो काढण्याआधी दुकान आवरू नका.